छतावरचं ऊन, घरातली ऊब
हीट पंपाने घर गरम ठेवणाऱ्या जर्मन कुटुंबाला सौर पॅनेल परवडतात का? बहुधा हो, पण हिवाळ्यातल्या बिलाच्या आशेवर नाही. म्युनिकजवळ १० किलोवॉटचं छत वर्षाला साधारण १०,००० युनिट देतं. मात्र हीट पंपाची भूक डिसेंबर-जानेवारीत सर्वाधिक, आणि नेमकं तेव्हाच जूनच्या निम्मीही वीज मिळत नाही. बॅटरी दुपारची वीज रात्रीला पुरवते. जूनची जानेवारीला नाही.

खरी बचत घरातच वापरलेल्या युनिटवर होते. विकत घेतलेल्या युनिटला ३० सेंटांहून अधिक मोजावे लागतात, ग्रिडला विकलेल्याचे जेमतेम ८ मिळतात. म्हणून अंघोळीचं पाणी हीट पंपाने भरदुपारी तापवून ठेवावं. बॅटरीआधी मी हेच सुचवेन, कारण त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही.