बारा सेकंदांची काच

संपादकांनी राइट बंधूंच्या फोटोंवर लिहायला सांगितलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे त्यांच्या ३०३ काचेच्या निगेटिव्ह आहेत. त्या १८९६ ते १९११ या काळातल्या, बहुतेक या भावांनीच काढलेल्या. सगळ्या पाहायच्या असं ठरवून बसलो आणि एकीपाशीच अडकलो. १७ डिसेंबर १९०३ ची ती.

किल डेव्हिल हिल्सची वाळू, १२ सेकंद, १२० फूट, विमानात पालथा पडलेला ऑरव्हिल, हे शाळेपासून ठाऊक होतं. फोटो कोणी काढला, हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता. तो काढला जॉन डॅनियल्सने. जवळच्या जीवरक्षक ठाण्यातला हा गडी. फुटलेल्या जहाजांवरची माणसं समुद्रातून बाहेर काढणं हे त्याचं काम. ऑरव्हिलने तिवईवर कॅमेरा चढवला, विमान ज्यावरून सुटणार त्या रुळाच्या टोकावर रोखला, ५×७ इंचांची काच आत सरकवली आणि शटरचा रबरी फुगा डॅनियल्सच्या हातात दिला. विमान वर उठलं की दाबायचं, एवढंच काम. विमान खाली आलं तेव्हा त्या बिचाऱ्याला आपण फुगा दाबला की नाही हेच आठवेना!

दाबला होता. विमान जमिनीपासून जेमतेम वर आलंय. उजवीकडे विल्बर, पंख धरून पळतापळता नुकताच मागे राहिलेला. फोटो मोठा करून पाहिला की पंख टेकवायचं बाकडं दिसतं, वाळूत पडलेलं फावडं दिसतं, पावलांचे ठसे दिसतात. मला विमानाइतकाच हा पसारा आवडतो. सकाळपासून थंडीवाऱ्यात राबलेल्या माणसांचा तो पसारा आहे.

फोटो आलाय की नाही हे कळायला डेटनला घरी पोचेपर्यंत थांबावं लागलं. प्लेट धुतली ती घरामागच्या शेडमधल्या डार्करूममध्ये. काचेवर यंत्र उमटतंय की नुसतंच मोकळं आकाश, हे पाहताना प्रत्यक्ष उड्डाणाइतकीच धडधड होते, असं विल्बरने १९०१ मध्येच शिकागोच्या एका व्याख्यानात सांगितलं होतं. फोटो म्हणजे या भावांची प्रयोगवही होती. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याचं अभिमानाने सांगतात. त्या दिवसाचा एक फोटो जरी हाती असता! तो नाही, आणि गोष्ट सांगोवांगी राहिली, याची मला मनापासून हळहळ वाटते.

पण काचेवर उमटलेलं टिकतं असं तरी कुठे आहे? माझ्या मामांच्या स्टुडिओत अशा प्लेटांचे खोके होते. एका पावसाळ्यात दोन प्लेटा एकमेकींना चिकटल्या. मामांनी श्वास रोखून त्या सोडवल्या, तर एका नवरीचा अर्धा चेहरा दुसऱ्याच काचेवर निघून आला. काचेवरचा लेप जिलेटिनचा असतो. पाणी लागलं की तो फुगतो, मऊ पडतो, कडांपासून सुटू लागतो आणि वाळताना आक्रसतो.

डेटनमध्ये तर महापूरच आला. मार्च १९१३. विल्बर आदल्याच वर्षी टायफॉइडने गेला होता. ज्या शेडमध्ये प्लेटा धुतल्या त्याच शेडमध्ये त्या ठेवलेल्या होत्या, आणि कितीतरी दिवस त्या गढूळ पाण्याखाली राहिल्या. १९०३ चं विमानही डेटनमध्येच पेट्यांत बांधून ठेवलेलं, तेही चिखलात. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर कित्येक निगेटिव्हचे पापुद्रे सुटलेले. डॅनियल्सची प्लेट मात्र एका कोपऱ्याच्या नुकसानीवर निभावली. विमान, विल्बर, वाळू, सगळं जागच्या जागी.

ऑरव्हिल ३० जानेवारी १९४८ ला गेला, डॅनियल्स दुसऱ्याच दिवशी. पुढच्या वर्षी निगेटिव्ह लायब्ररीत आल्या. काच हाताळायची ती फक्त कडांना धरून. मामाही आम्हाला तेच बजावायचे. कोपऱ्यातला गेलेला लेप तेवढा आता कोणालाच परत बसवता येणार नाही.