परागनलिकेची वाट

मक्याचे कणीस सोलताना दाण्यांच्या भरगच्च ओळीत मध्येच एखादी जागा रिकामी आढळते. त्या ठिकाणी दाणा का बरे धरला नसेल? कणसाच्या शेंड्यावर लोंबणारा प्रत्येक रेशमी तंतू आतील एकेका अंडाशयापासून निघालेला असतो आणि त्या अंडाशयात एकच बीजांड असते. तंतूवर पडलेल्या परागकणातून एक सूक्ष्म नलिका फुटते. ती तंतूच्या आतून, कधी कधी २०-३० सेंटिमीटरपर्यंत वाढत जाऊन बीजांड गाठते. ती पोहोचली नाही, तर दाणा धरत नाही.

इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बातिस्ता आमिची यांना १८२४ साली घोळीच्या फुलात परागनलिका दृष्टीस पडली. परंतु बीजांडाचे अतिसूक्ष्म द्वार तिला सापडते तरी कसे?

या प्रश्नाचा उलगडा तोरेनिया या बागेतील फुलझाडाने केला. बहुतेक वनस्पतींत भ्रूणकोश बीजांडाच्या आवरणांत दडलेला असतो. तोरेनियात मात्र त्याचा काही भाग द्वारातून बाहेर डोकावतो. त्यामुळे त्यातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. जपानमधील तेत्सुया हिगाशियामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी लेसर किरणांनी निवडून नष्ट केल्या. अंडपेशी नष्ट केली, तरी परागनलिका येतच राहिल्या. परंतु तिच्या शेजारच्या दोन्ही सहायक पेशी नष्ट करताच त्यांचे येणे थांबले. हे संशोधन २००१ साली प्रसिद्ध झाले. सहायक पेशींतून पाझरणारी लहान प्रथिनेच नलिकेला आकृष्ट करतात, हे २००९ साली सिद्ध झाले.

द्वारातून आत शिरलेली नलिका एका सहायक पेशीत फुटते. तिने वाहून आणलेल्या दोन पुंपेशींपैकी एक अंडपेशीशी संयोग पावते व त्यातून भ्रूण घडतो. दुसरी मध्यपेशीशी संयोग पावते व त्यातून भ्रूणाचे अन्न, म्हणजे भ्रूणपोष, निर्माण होतो. मक्याच्या पिठात मुख्यतः हाच भ्रूणपोष असतो.

भिन्न जातींचा संकर करताना नलिका पुष्कळदा वाटेतच अडते. मग ही वाटच टाळता येईल काय? दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अफूची बीजांडे आणि परागकण परीक्षानळीत एकत्र आणून फलन घडविले व बीजे मिळविली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने संकराच्या कामी एक नवा मार्ग दाखविला.

कणसातील प्रत्येक भरलेला दाणा म्हणजे आपली वाट अचूक शोधलेल्या एका परागनलिकेची साक्ष होय.