वादळानंतर पहिली कुऱ्हाड उचलणारे

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वारा निवला तोवर आतल्या वाड्यांमधून बाहेर पडायला वाट उरली नव्हती. पोफळी, माड, आंब्याची कलमं एकमेकांवर आडवी, त्यांत गुंतलेल्या विजेच्या तारा, कुठून कुठून उडून आलेले पत्रे. मोबाइलचे टॉवर बंद, त्यामुळे मदत मागायचीही सोय नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या जिल्ह्यात होत्या, त्यांनी मोठं काम केलं. पण मोठे रस्ते मोकळे करत त्या वाड्यांपर्यंत येण्याआधीच गावातली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन कामाला लागली होती. त्यांतल्या कित्येकांच्या स्वतःच्या घरावर कौलं नव्हती. लॉकडाऊनमुळे गावी आलेले चाकरमानीही त्यांच्यात होते.

या माणसांचे आभार मनापासून मानायचे, तर त्यांनी अंगावर काय घेतलं होतं, ते आधी कळायला हवं.

आडवं पडलेलं झाड तोडणं भलतंच धोक्याचं असतं. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून सरळ कापत गेलं की करवत चिमट्यात सापडल्यासारखी अडकते. ताणलेल्या बाजूला घाईनं हात घातला, तर खोड फाटून अंगावर येतं. जाणता माणूस आधी दाबाच्या बाजूनं थोडंच कापतो, मग ताणाच्या बाजूनं, आणि स्वतः खोडाच्या माऱ्याबाहेर उभा राहतो. मुळासकट उपटलेल्या आंब्याचा धोका आणखी वेगळा. खोड कापून वेगळं केलं की मुळांचा गड्डा मातीसकट धपकन परत खड्ड्यात बसू शकतो. अशा खड्ड्याच्या काठावर पोरंटोरं उभी राहिली, तर काय होईल ते सांगायला नको. किनाऱ्यालगतच्या आगरांत खोडाला वाळू चिकटलेली असते, ती यांत्रिक करवतीच्या साखळीची धार बघता बघता घालवते. मग कानस घेऊन एकेक दात घासत बसायचं. हे सगळं पावसात, चिखलात, आणि बऱ्याचदा पायात साधी चप्पल घालून.

तारांचं तर विचारूच नका. उपकेंद्रातून वीज बंद असली, तरी एखाद्या घरानं मुख्य लाइन न तोडता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, की तो प्रवाह उलटा बाहेरच्या तारेत जातो. निसर्गनंतर अनेक गावं आठवडे न् आठवडे अंधारात होती. विहिरीचं पाणी चढवायला, फोन चार्ज करायला जनरेटर लागत होते. म्हणून वायरमननं स्वतः खात्री केल्याशिवाय कुठल्याच तारेला मेलेली समजायचं नसतं.

असं काम करणाऱ्यांसाठी सरकारी चौकटी आहेत. होमगार्ड ही स्वयंसेवी संघटना १९४६ च्या डिसेंबरात तेव्हाच्या मुंबई प्रांतातच उभी राहिली. २०१६ मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ‘आपदा मित्र’ योजना सुरू झाली. पुढे ती ३५० जिल्ह्यांत नेऊन एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. त्यांना प्रशिक्षण, साहित्य आणि विमाही. योजना चांगली आहे. पण वादळ आलं की धावून जाणारे सगळेच काही अशा यादीत नसतात, आणि यादीबाहेरच्या पोराचं बोट तुटलं, तर दवाखान्याचा खर्च त्याच्या घरावरच पडतो.

शाल-श्रीफळ जरूर द्यावं. चार लोकांत कौतुक झालेलं कुणालाही हवंच असतं. पण दुसऱ्यांच्या वाटा मोकळ्या करताना या माणसांचे रोज बुडाले, स्वतःची बाग तशीच पडून राहिली. पोफळ पुन्हा लावली तर धरायला पाच-सात वर्षं जातात. ज्याच्या दारातली वाट त्यांनी मोकळी केली, त्यानं इर्जिक घालून त्यांच्या आगरातली खोडं उचलायला जावं. हे आभार मला सगळ्यांत खरे वाटतात. ग्रामपंचायतीनं जाड हातमोजे, बूट, हेल्मेट, जादा साखळ्या आणून ठेवाव्यात. मे महिन्यात तालुक्याला मान्सूनपूर्व बैठक होते, तिथं या मंडळींना बोलावून त्यांचं ऐकून घ्यावं. कुठल्या वळणावरचा आंबा कलला आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

आणखी एक काम तर अगदी स्वस्तात होण्यासारखं आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँकेत खातं असलेल्या १८ ते ७० वयाच्या माणसाला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दोन लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. गावातल्या पंचवीस जणांचे पाचशे रुपये होतात. हप्ता ज्याच्या त्याच्या खात्यातून जातो. तेवढे पैसे गावानं त्यांच्या हातात ठेवावेत आणि बँकेतले फॉर्म भरून घ्यावेत. या विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणजे हे सगळं मे संपायच्या आत उरकायला हवं.