हलकी फ्रेम की एरो फ्रेम? बोरघाटाचं गणित आणि प्रयोगाची आखणी

"घाटासाठी हलकी फ्रेम घ्यावी, की शर्यतीसाठी एरो?" कर्जत-खोपोली पट्ट्यातल्या सायकलवाल्यांच्या गप्पांत हा प्रश्न निघतोच. एका बाजूला खोपोलीहून खंडाळ्याला चढणारा बोरघाट, दुसऱ्या बाजूला नेरळ-माथेरानचा खडा रस्ता. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, त्यामुळे इथे सेकंदालाही किंमत आहे. आणि वरच्या दर्जाच्या कार्बन फ्रेमची किंमत लाखांत जाते.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो. यातून एक सवय शिकता येते: मोजायला बसण्याआधी, जो फरक शोधतोय तो किती मोठा असू शकतो, हे कागदावर काढायचं.

दोन प्रकार म्हणजे काय?

चढाच्या फ्रेममध्ये नळ्या बारीक आणि भिंती पातळ ठेवून वजन कमी करतात. एरो फ्रेममध्ये नळ्यांचा आकार असा देतात की हवेचा अडथळा कमी व्हावा. त्यासाठी थोडं जास्त वजन चालवून घेतात. सर्व्हेलोची आर५ पहिल्या प्रकारातली, एस५ दुसऱ्या.

अलीकडे ही भिंत पुसट झाली आहे. स्पेशलाइज्डने २०२० मध्ये टारमॅक एसएल७ आणताना वेंज ही वेगळी एरो फ्रेम बंद केली. ट्रेकने २०२४ मध्ये हलकी एमोंडा आणि एरो मडोन एकाच सायकलमध्ये आणल्या. याचं एक कारण नियमात आहे. यूसीआयच्या शर्यतीत संपूर्ण सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. ती मर्यादा गाठली की आणखी वजन कमी करून शर्यतीत फायदा नाही, मग लक्ष हवेकडे वळतं.

आधी कागदावर

चढावर पायांची शक्ती तीन ठिकाणी जाते: गुरुत्वाकर्षण, टायर-रस्ता घर्षण आणि हवा. हिशेबापुरता बोरघाट ८ किलोमीटरचा आणि सरासरी ६ टक्के चढाचा धरू. सायकलस्वार आणि सायकल मिळून ७० किलो, चाकापर्यंत पोचणारी शक्ती २५० वॅट, वारा शून्य. समीकरण सोडवलं की वेग येतो ताशी साधारण १८ किलोमीटर आणि वेळ साडेसव्वीस मिनिटं. यातली ८३ टक्के शक्ती गुरुत्वाकर्षणाकडे जाते, १० टक्के हवेकडे आणि उरलेली टायरांकडे.

आता फ्रेम ३०० ग्रॅमने हलकी करा. समीकरण न सोडवताही अंदाज येतो. ७० किलोत ३०० ग्रॅम म्हणजे ०.४३ टक्के. सगळी शक्ती वजन वर नेण्यातच गेली असती, तर वेळही तेवढाच टक्का, म्हणजे जेमतेम ७ सेकंद वाचला असता. हवेचा वाटा धरून नीट हिशेब केला की उरतात ५ सेकंद.

एरो फ्रेमने हवेला अडणारं प्रभावी क्षेत्रफळ ०.३५ वरून ०.३४ चौरस मीटरवर आणलं असं समजू. त्याच घाटात वाचतात ४ सेकंद. म्हणजे ६ टक्के चढावर दोन्ही जवळपास बरोबरीत! सपाट रस्त्यावर मात्र चित्र पालटतं. एकट्याने चालवताना दर १० किलोमीटरला एरो फ्रेम सुमारे ९ सेकंद देते, हलकी फ्रेम पाव सेकंदही नाही. (घोळक्यात दुसऱ्याच्या आडोशाला असाल तर एरोचा फायदा घटतो.) नेरळ-माथेरानसारख्या खड्या रस्त्यासाठी १० टक्के चढाचे ७ किलोमीटर धरले, तर हलकी फ्रेम ८ सेकंद वाचवते, एरो २ सेकंदांच्या आतच.

तेव्हा 'कोणती फ्रेम चांगली?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या चढावर, किती वेगाला?' हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

मग घाटात जाऊन मोजू या का?

इथेच बरेच प्रयोग फसतात. त्याच मॉडेलमध्ये आणखी तीन गोष्टी घालून बघा:

- शक्ती १ टक्क्याने बदलली: १३ सेकंद
- पाऊण लिटर पाण्याची भरलेली बाटली: जवळपास १३ सेकंद
- सेकंदाला एक मीटर इतकाच, पण सतत समोरून येणारा वारा: ५७ सेकंद

आपण शोधतोय ५ सेकंद. चांगल्या पॉवर मीटरची चूकसुद्धा एक-दोन टक्के असते. म्हणजे सकाळी एका फ्रेमवर आणि दुपारी दुसरीवर घाट चढून काढलेला निष्कर्ष बहुधा वाऱ्याबद्दलचा असतो, फ्रेमबद्दलचा नाही.

किती वेळा चढावं लागेल? समजा एकाच सायकलवर तुमची वेळ दर खेपेला २० सेकंदांच्या प्रमाण विचलनाने बदलते. दोन सरासरींच्या फरकाची प्रमाण त्रुटी अडीच सेकंदांवर आणायला प्रत्येक फ्रेमवर १२८ खेपा लागतील. दोन्ही मिळून २५६ वेळा बोरघाट! आणि इतकं करूनही ५ सेकंदांचा फरक पकडला जाण्याची शक्यता निम्मीच.

शिवाय दोन फ्रेम बदलताना फक्त वजन बदलत नाही. आकार, ताठपणा, बसण्याची ठेवण सगळं एकदम बदलतं. फरक दिसला तरी तो कशामुळे, हे सांगता येणार नाही.

आखणी बदला

उपाय सोपा आहे. फ्रेम बदलूच नका. सायकल एकच ठेवा आणि वजन बदला. ३०० ग्रॅम नाही, ३ किलो जोडा. मॉडेलप्रमाणे फरक ५० सेकंदांच्या आसपास यायला हवा, आणि तो आठ-दहा जोड्यांत स्पष्ट दिसेल. एकाच दिवशी एक खेप वजनासह आणि एक वजनाशिवाय, क्रम नाणं उडवून. वेळ दाखवणारा पडदा चालवताना झाकून ठेवायचा. मधलं एक वजन, समजा दीड किलो, घेऊन परिणाम सरळ रेषेत आहे का तेही तपासा. रेषा सरळ असेल तर ३०० ग्रॅमचं उत्तर तिच्यावरून वाचता येतं. हवेचा भाग वेगळा, सपाट रस्त्यावर, पहाटे वारा पडलेला असताना मोजायचा.

परिणाम मोठा करून मोजणं आणि मग लहान परिणामापर्यंत खाली येणं ही लबाडी नाही. औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन प्रतिसाद तपासतात, त्यामागे हाच विचार असतो.

खरेदीचं काय?

बहुतेक सपाट रस्ता आणि मध्ये एक घाट असेल तर एरोकडे झुका. फक्त माथेरानसारखे चढ करायचे असतील तर हलकी घ्या. पण हा फरक सेकंदांचा आहे हे विसरू नका. सपाटीवर कोपर वाकवून खाली झुकलात, तर फ्रेम बदलून मिळतं त्याहून जास्त फुकटात मिळेल. जो राजा होण्यासाठीच उतरलाय, त्याला ५ सेकंद महाग नाहीत. बाकीच्यांनी ते पैसे कुठे लावायचे ते ठरवावं.

तुमच्या संशोधन प्रस्तावातही पद्धतीच्या भागाआधी तीन ओळी लिहून बघा: अपेक्षित परिणाम किती, मोजमापातला गोंधळ किती, आणि त्यावरून नमुने किती लागतील. तिसऱ्या ओळीत २५६ घाट आले, तर मार्गदर्शकांकडे जाण्याआधी आखणी बदला.