बदली एकाची, बिऱ्हाड दोघांचं

केंद्र सरकारच्या 2020-21 च्या पाहणीत, राहतं ठिकाण सोडून दुसरीकडे गेलेल्या बायकांना त्याचं कारण विचारलं, तेव्हा 86.8 टक्के जणींचं उत्तर एकच होतं: लग्न. लग्नानंतर गाव बदलायचं ते बाईनं, हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं आहे की त्यावर कुणी वाद घालत नाही. वाद होतो तो दुसऱ्या वेळी. दोघांच्या नोकऱ्या लागलेल्या असतात, मूल तिसरीत असतं, फ्लॅटचा हप्ता चालू असतो आणि एकाला चेन्नईची, बंगळूरची किंवा म्युनिकची ऑफर येते. हा लेख त्या दुसऱ्या वेळेबद्दल आहे.

चाकरमान्यांच्या काळी

पोटासाठी नवरा-बायकोनं वेगळं राहणं आपल्याला नवं नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, साताऱ्याकडून आलेला गिरणी कामगार लालबाग-परळच्या खोलीत दहाबारा जणांत वळकटी टाकायचा, खाणावळीत जेवायचा. बायको गावी शेत, गुरं आणि सासू-सासरे सांभाळायची. जहाजांवर कामाला जाणाऱ्या गोव्याच्या तारवट्यांच्या घरीही तीच तऱ्हा होती. हाल कमी नव्हते, पण ‘नोकरी कुणी सोडायची’ हा प्रश्न मात्र निघत नसे, कारण तिच्या कष्टाला पगारच नव्हता. आजचा ताण दुसऱ्या पगारानं आणलेला आहे. तेव्हाच्या बायका समजूतदार होत्या आणि आताच्या हट्टी आहेत, असं लग्नकार्यात सांगत फिरणाऱ्या काकांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

पगार वाढला, घराचं उत्पन्न घटलं

समजा, नाशिकचं एक जोडपं आहे. तो अंबड एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे, हातात 70,000 येतात. ती अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवते, तिच्या हातात 52,000. त्याला चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून 1,10,000 ची ऑफर येते. आकडा ऐकून सासरी-माहेरी पेढे वाटले जातात.

आता वहीत मांडून बघा. आज घरात 1,22,000 येतात. तिनं नोकरी सोडून सोबत जायचं म्हटलं तर येणार 1,10,000, म्हणजे 12,000 कमी. तिकडचं घरभाडं 22,000 धरू आणि नाशिकचा फ्लॅट भाड्यानं देऊन 11,000 मिळतील असं धरू, म्हणजे आणखी 11,000 गेले. फ्लॅटचा हप्ता दोन्हीकडे तोच, म्हणून धरलाच नाही. त्याचा पगार 40,000 नं वाढला आणि घराला महिन्याकाठी 23,000 चा खड्डा पडला. यात दिवाळीची तिकिटं नाहीत, आणि नव्या शाळेची फीही नाही.

‘तू काय, शिक्षिका! तुला कुठंही नोकरी मिळेल,’ हे वाक्य या वेळी हमखास येतं. मराठी माध्यमात गणित शिकवणाऱ्या बाईंना श्रीपेरुंबुदूरला कोण विचारणार? राजीनामा दिला की सेवाज्येष्ठता गेली. चार वर्षांनी परत यायचं म्हटलं तर वाट पुन्हा शिक्षकभरतीची टेट परीक्षा आणि पवित्र पोर्टल यांतूनच जाते, आणि तोवर वय वाढलेलं असतं.

खासगी नोकरीत हा तोटा आणखी लपून राहतो. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत सलग 5 वर्षं लागतात, साडेतीन वर्षांनी सोडलं तर ती रक्कम विसरायची. पीएफमधल्या पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. त्यामुळे नोकरी सोडताना पीएफ काढून फ्रिज घेण्याचा मोह आवरावा, खातं तसंच ठेवावं आणि पुढं नोकरी लागली की वर्ग करून घ्यावं. 5 वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर साधारणपणे करही बसतो.

याचा अर्थ जाऊच नये, असा नाही. पाच वर्षांत त्याचा पगार दुप्पट होणार असेल आणि इथला कारखाना डबघाईला आला असेल, तर गेलेलंच बरं. पण मग हिशेब पाच वर्षांचा करावा, आणि तिच्या न मिळालेल्या पगारवाढींचा रकानाही त्यात असावा. बहुतेक घरांत तो रकाना आखलाच जात नाही. भांडण वरवर सासूवरून किंवा सिलिंडरवरून होतं, पण त्याचं मूळ या रकान्यात असतं.

कायदा काय म्हणतो

‘नवरा जिथं, बायको तिथं’ हा कायदा आहे असं अनेकांना वाटतं. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 9 प्रमाणे सबळ कारणाशिवाय वेगळं राहणाऱ्या जोडीदाराविरुद्ध सहजीवनाच्या हक्कांसाठी अर्ज करता येतो, हे खरं. (अशीच मागणी 1880 च्या दशकात मुंबईत, नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्यानं गाजली होती. त्या पुढं लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.) पण हा अर्ज नवरा करू शकतो तसा बायकोही करू शकते, आणि नोकरी हे सबळ कारण आहे का, यावर न्यायालयांचं मत बदलत आलं आहे.

1970 च्या दशकात पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं एका शिक्षिकेच्या प्रकरणात, घर कुठं करायचं हे ठरवण्याचा अधिकार नवऱ्याचा, असं धरलं. त्याच दशकात, 1978 साली, दिल्ली उच्च न्यायालयानं नेमकं उलट सांगितलं. त्या प्रकरणातली बायको लग्नाआधीपासून पंजाबात सुनामला शिक्षिका होती आणि नवरा दिल्लीत होता. दोघांपैकी कुणाचाही शब्द आपोआप अखेरचा ठरत नाही, कुणाच्या नोकरीवर घर चालतं आणि कुणाची गैरसोय जास्त हे पाहावं लागेल, असा त्या निकालाचा आशय होता. माझ्या मते या विषयावर आपल्याकडं झालेला सर्वांत शहाणा विचार तो हाच, आणि त्यालाही आता जवळजवळ अर्धं शतक होत आलं.

नोकरीसाठी वेगळ्या गावी राहणं म्हणजे जोडीदाराचा ‘त्याग’ नव्हे, हेही माहीत असावं. घटस्फोटासाठी त्यागाचं कारण द्यायचं तर किमान 2 वर्षं सलग वेगळं राहणं आणि नातं तोडण्याचा हेतू, दोन्ही सिद्ध करावं लागतं. 10 जानेवारी 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: सहजीवनाचा हुकूम पत्नीनं पाळला नाही एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बंद होत नाही.

दुरावा आलाच असेल आणि मूल लहान असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाचा जुलै 2022 चा निकाल वाचण्यासारखा आहे. पुण्याच्या एका अभियंता महिलेला पोलंडमध्ये कामाची संधी आली होती, वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याचा मुलीला पाठवायला विरोध होता. मूल की करिअर, अशी निवड आईवर लादता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयानं घेतली. मुलीला घेऊन जायची परवानगी दिली आणि वडिलांच्या भेटीगाठींचीही सोय लावून दिली.

सरकारी नोकरीत

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्द नव्यानं सांगायला नको. ऑनलाइन बदल्यांच्या धोरणात दोघांच्या शाळांमध्ये 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर त्यांचा विशेष संवर्ग भाग 2 मध्ये विचार होतो. हे अंतर नकाशावरचं धरायचं की एसटीच्या रस्त्याचं, यावरून शिक्षकांच्या घोळक्यात तासभर चर्चा चालते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 29 आणि 31 किलोमीटरमध्ये एका संसाराचा फरक पडतो.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी कार्मिक विभागाच्या 30 सप्टेंबर 2009 च्या सूचना आहेत, शक्य तिथं नवरा-बायकोला एकाच ठिकाणी नेमावं असं त्या सांगतात. मात्र ही सवलत आहे, हक्क नव्हे. 1992 साली बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट केलं. मार्च 2022 मध्ये केंद्रीय कर विभागाच्या बदल्यांबाबत निकाल देताना त्याच न्यायालयानं, धोरण आखताना कुटुंबाचा आणि स्त्री कर्मचाऱ्यांच्या अडचणींचा विचार व्हायला हवा, असंही सांगितलं. अर्ज करताना दोन्ही बाजू माहीत असलेल्या बऱ्या.

बँकांत वेगळाच प्रकार दिसतो. क्लार्कची ऑफिसर झाली की लांबची पोस्टिंग, म्हणून कित्येक जणी प्रमोशनच्या परीक्षेला बसतच नाहीत. बायकोच्या बदलीमागं जाणारा नवराही आता दिसतो. त्याचे हाल निराळे. नव्या सोसायटीत आठ दिवसांत कुणीतरी विचारतंच, ‘मिस्टर काय करतात?’

परदेशी जाताना

पुण्याच्या आयटी घरांत ‘ऑनसाइट’ हा शब्द आनंदाचा. पण जोडीदाराच्या व्हिसावर काम करता येतं का, हे पेढे आणण्याआधी पाहावं. अमेरिकेत एच-1बी वर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-4 मिळतो आणि त्यावर मुळात नोकरी करता येत नाही. 26 मे 2015 पासून काहींना परवाना मिळू लागला, तोही मुख्यतः ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर गेलेल्यांच्या जोडीदारांना. पदव्या असूनही वर्षानुवर्षं घरात बसलेल्या मराठी मुली न्यू जर्सीत आणि बे एरियात कमी नाहीत. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कामाची मुभा असते. अर्थात जर्मन भाषा आली नाही तर मुभा नुसती कागदावरच राहते.

इथल्या बचत खात्याचंही बघावं लागतं. एकजण अनिवासी झाला की त्याच्या नावाचं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. मागं राहिलेल्याचं सगळं त्याच एका खात्यावर चालत असेल, तर ऐन फीच्या वेळी अडायला होतं.

दोन चुली

कुणीच नोकरी सोडायची नाही असं ठरलं, की दोन बिऱ्हाडं होतात. नवरा दर शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परततो. खर्चाचं ठरवता येतं, कामाचं मात्र ठरत नाही. 2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी 289 मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष 88. दोन गावी संसार असला की ती 88 मिनिटंही पाच दिवस घरातून जातात, आणि शनिवारी आलेल्या थकलेल्या पाहुण्याचे कपडे धुवायचे असतात. हा पर्याय निवडाच, पण मुदत घालून. ‘बघू पुढं’ म्हणून गेलेले दहा-दहा वर्षं बघतच राहतात.

सही करण्यापूर्वी

जो मागून जाणार आहे, त्याच्या नावावर दरमहा ठरावीक रक्कम वेगळी जावी. ती उपकार म्हणून नव्हे, बुडालेल्या पगाराची अंशतः भरपाई म्हणून. गृहकर्जात दोघांचं नाव असेल तर हप्ता थकल्यावर बँक दोघांनाही धरते, पगार असो वा नसो, हे लक्षात ठेवा. दोन वर्षांनी फेरविचार करायचा आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या नोकरीला प्राधान्य द्यायचं, हे बोलून न सोडता लिहून ठेवा. बोलणं तुटायच्या बेताला आलं असेल तर समुपदेशकाकडे जा, ही वेळ कोर्टात अर्ज केल्यानंतरची नाही, आधीची आहे.

आणि ऑफर लेटरला दोन दिवसांत उत्तर मागितलं असेल, तर कंपनीला सरळ मेल करून आठ दिवस मागा. ज्यांना माणूस खरोखर हवा असतो ते देतात. तेवढ्या दिवसांत वरचा हिशेब एकट्यानं नव्हे, दोघांनी बसून करा.