घरबसल्या कॉलेज (भाग ४) : पंचवीस गुणांचा हिशेब

गेल्या आठवड्यात ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या मंचावर विषय कसा निवडायचा ते पाहिलं. नावनोंदणी फुकट, त्यामुळे एका दमात तीन-तीन विषय घेणारे पुष्कळ. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि तिथे हुशारीपेक्षा हिशेब जास्त कामी येतो.

‘स्वयम्’वरचाच, आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमाचा बारा आठवड्यांचा कोर्स घ्या. दर आठवड्याला एक असाइनमेंट. त्यांचे मिळून २५ गुण, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. बारांपैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. हे कळलं की मुलं काय करतात? चार बुडवायची मुभा आहे ना, मग सुरुवातीच्याच चार बुडवतात! पुढे ताप येवो, लाइट जावो की मामेबहिणीचं लग्न निघो, उरलेल्या आठातली एकही सोडायची सोय राहत नाही.

शिवाय प्रमाणपत्रासाठी दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं : २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. समजा, कुणी तीनच असाइनमेंट दिल्या आणि तिन्हींत शंभरपैकी शंभर मिळवले. तरी भागाकार आठानेच होणार. ३०० भागिले ८ म्हणजे ३७.५ टक्के, पंचविसात साडेनऊसुद्धा नाहीत. मग परीक्षेत सत्तर मिळाले तरी प्रमाणपत्र हुकलं. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार विद्यापीठं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेऊ देऊ शकतात. अशा वेळी नुसतं प्रमाणपत्र नाही, सत्राचं क्रेडिटच अडकतं.

एक सवलत मात्र फार कमी जण वापरतात. मुदत संपेपर्यंत उत्तरं कितीही वेळा बदलून पुन्हा सबमिट करता येतात. शेवटची खेप धरली जाते. म्हणून असाइनमेंट उघडताच जमतील ती उत्तरं भरून टाकावीत आणि मग निवांत दुरुस्त करत बसावं. रात्री पावणेबाराला नेट गेलं तरी काहीतरी जमा झालेलं असतं.

टेलिग्रामवर तयार उत्तरं फिरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी पंचवीस गुण भरतीलही; पण केंद्रावरच्या संगणकासमोर ७५ गुणांसाठी टेलिग्राम नसतं.

आता व्हिडिओ. दुप्पट वेगाने चार व्याख्यानं ‘संपवली’ की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. हे वाटणंच घातक. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला एकच उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. तेव्हा व्याख्यान संपलं की टॅब बंद करायची, कोऱ्या पानावर आठवेल ते खरडायचं आणि जे सुटलं तेवढाच भाग पुन्हा बघायचा. वेळ लागतो. एका दिवसात चार व्याख्यानं होणार नाहीत, दोन होतील.

आणि हो, परीक्षेची नोंदणी वेगळी असते. तिची फी आणि मुदतही वेगळी. असाइनमेंट इमानेइतबारे देऊन हा फॉर्म भरायचा राहिलेली मुलं दर सत्रात भेटतात. तो कधी भरायचा आणि केंद्र कसं निवडायचं, ते पुढच्या आठवड्यात.