संदर्भ आणि खातरजमा : शालेय संशोधनशिक्षणाचा मागोवा

आंतरजालावरून माहिती कशी मिळवावी आणि ती कोठून घेतली याची नोंद कशी करावी, हे शाळकरी विद्यार्थ्यांना शिकवण्याचे प्रयत्न गेली सुमारे तीन दशके चालू आहेत. या काळाकडे मागे वळून पाहता एक दुरावा स्पष्ट दिसतो. मजकूर विश्वासार्ह आहे की नाही हे तपासणे आणि तो कोणाचा आहे हे नोंदवणे ही वस्तुतः एकाच चौकशीची दोन अंगे होत. परंतु शालेय व्यवहारात त्यांची फारकत झाली, आणि पहिल्या अंगाची प्रश्नावली बनली तर दुसरे अंग स्वल्पविराम, पूर्णविराम आणि तिरप्या अक्षरांच्या नियमांत अडकून पडले.

या शिक्षणाची सुरुवातीची एक पद्धतशीर मांडणी अमेरिकेतील शालेय ग्रंथालयांतून झाली. मायकेल आयझेनबर्ग आणि रॉबर्ट बर्कोविट्झ यांनी १९९० मध्ये 'बिग सिक्स' नावाची सहा टप्प्यांची पद्धत मांडली. काम नेमके काय आहे हे ठरवण्यापासून, माहितीचे मार्ग निवडणे, ती शोधणे, वापरणे, एकत्र गुंफणे आणि शेवटी झालेल्या कामाचे मूल्यमापन करणे, असा तिचा क्रम होता. त्याच सुमारास कॅरोल कुल्थाऊ यांनी दाखवून दिले की, माहिती शोधणारा विद्यार्थी सुरुवातीला जितका उत्साही असतो त्याहून अधिक गोंधळलेला तो मध्यावर असतो आणि हा गोंधळ अपयशाचे लक्षण नसून शोधाचाच एक टप्पा असतो. या दोन्ही मांडण्या ग्रंथालयाच्या भिंतींच्या आत घडलेल्या होत्या, हे मात्र विसरता येत नाही. तेथे कपाटावरचे प्रत्येक पुस्तक संपादक, प्रकाशक आणि ग्रंथपाल अशा तीन चाळण्यांतून गेलेले असे, त्यामुळे विश्वासार्हतेचा प्रश्न विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बराचसा सुटलेला असे.

वेब शाळेत आले आणि या चाळण्या एकाएकी नाहीशा झाल्या. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी ग्रंथपालांनी तपासणीसूची तयार केल्या. त्यांपैकी सर्वाधिक पसरली ती कॅलिफोर्नियातील चिको येथील राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००४ मध्ये सॅरा ब्लेकस्ली यांनी तयार केलेली सूची. मजकूर किती ताजा, विषयाशी किती संबंधित, लेखक किती अधिकारी, माहिती किती अचूक आणि हेतू कोणता, या पाच कसोट्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून टाकाऊ मालासाठी वापरला जाणारा एक ग्राम्य शब्द तयार होत असल्याने ती विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात राही. सूची सोपी होती, गुण देण्यास सोयीची होती, आणि तिच्यातील दोषही नेमका तेथेच होता. पाचही प्रश्नांची उत्तरे विद्यार्थी समोरच्या पानावरच शोधत असे, म्हणजे ज्याच्याविषयी शंका आहे त्यालाच साक्षीला बोलावत असे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचे, शेवटी 'डॉट ऑर्ग' असलेले एक संकेतस्थळ अनेक वर्षे अमेरिकी वर्गांत उदाहरण म्हणून दाखवले गेले. किंग यांची बदनामी करणारे हे स्थळ 'स्टॉर्मफ्रंट' या वर्णवर्चस्ववादी गटाकडून चालवले जात होते, पण 'डॉट ऑर्ग असेल तर भरवशाचे' हा त्या काळी सर्रास शिकवला जाणारा नियम ते सहज पार करत असे.

सूचीचा हा दोष प्रयोगाने सिद्ध होण्यास आणखी दहाएक वर्षे लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ जण होते : १० इतिहासकार, माध्यमसंस्थांत तथ्यपडताळणी करणारे १० व्यावसायिक आणि स्टॅनफर्डचेच २५ पदवी विद्यार्थी. त्यांच्यापुढे ठेवलेल्या कामांपैकी एकात शाळेतील दादागिरीविषयी दोन बालरोगतज्ज्ञ संघटनांच्या संकेतस्थळांवरील मजकुराची तुलना करायची होती. एक संघटना १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या दत्तकविधानाच्या प्रश्नावरून तिच्यातून फुटून निघालेली आणि फार थोड्या सदस्यांची. नावे मिळतीजुळती, दोन्ही पाने नीटनेटकी. तथ्यपडताळणी करणाऱ्यांनी पानावर क्षणभरच नजर टाकली, शेजारी नवे टॅब उघडले आणि 'या संघटनेविषयी इतर लोक काय म्हणतात' हे पाहून काही मिनिटांत निर्णय दिला. विद्यार्थी मात्र पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले, बोधचिन्ह, तळटीपा आणि शास्त्रीय वाटणारी भाषा यांवर विसंबले, आणि त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांना फुटीर संघटनाच अधिक विश्वासार्ह वाटली. इतिहासकारही अनेकदा चकले. कागदपत्रांच्या अभ्यासात ज्यांचा जन्म गेला त्यांची ही गत होत असेल, तर सातवी-आठवीच्या मुलांना दोष देण्यात अर्थ उरत नाही. पान सोडून बाहेर जाणे, आणि परत आलेच तर बाहेरची माहिती हाती घेऊन परत येणे, या सवयीला अभ्यासकांनी आडवे वाचन असे नाव दिले. पुढे माइक कॉलफील्ड यांनी २०१९ मध्ये ती चार कृतींत बांधली : थांबणे, स्रोताची चौकशी करणे, त्याच विषयावरचा अधिक चांगला मजकूर शोधणे, आणि विधान मूळ ठिकाणापर्यंत मागे नेऊन पाहणे. यांतील चौथी कृती म्हणजे संदर्भ देण्याचीच उलटी बाजू होय. लेखकाने पुढच्या वाचकासाठी ठेवलेली वाट वाचकाने मागे चालत जायची.

ही वाट ठेवण्याचे काम मात्र या काळात यंत्राकडे गेले होते. अमेरिकेत दोन शाळकरी मुलांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या 'ईझीबिब' या सेवेने पुस्तकाचा क्रमांक किंवा पानाचा दुवा दिला की तयार नोंद हाती ठेवण्याची सोय केली, आणि अशा सेवा लवकरच सर्वत्र झाल्या. श्रम वाचले, नोंदी सुबक झाल्या. परंतु लेखक कोण, प्रकाशक कोण, तारीख कोणती हे हाताने शोधताना विद्यार्थ्याला नाइलाजाने जी चौकशी करावी लागे तीही वाचली. पानावर लेखकाचे नाव नाही, हे हाताने नोंद करणाऱ्याला खटकते. यंत्र तेवढी जागा गाळून पुढे जाते. अमेरिकेतील आधुनिक भाषा संघटनेने आपल्या पुस्तिकेच्या २०१६ च्या आठव्या आवृत्तीत प्रत्येक प्रकारच्या स्रोतासाठी वेगळा नियम देण्याऐवजी लेखक, शीर्षक, ज्यात तो मजकूर सामावला आहे ते मोठे प्रकाशन, तारीख अशा नऊ मूलघटकांचा एकच क्रम दिला. विरामचिन्हांपेक्षा स्रोताच्या ओळखीला महत्त्व देणारा हा बदल योग्य दिशेचा होता, पण तोवर विद्यार्थ्यांची सवय बटण दाबण्याची झाली होती.

महाराष्ट्रात या प्रश्नाने वेगळे वळण घेतले, कारण येथे आंतरजाल ग्रंथालयातून नव्हे तर प्रकल्पवहीतून शाळेत शिरले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. पुढे अकरावी-बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प आला, आणि खालच्या इयत्तांतही प्रत्येक विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनात प्रकल्प रुळला. ग्रंथपाल नसलेल्या असंख्य लहान शाळांत हे काम शिक्षकांच्या सूचनेवर आणि गावातल्या सायबर कॅफेवर सोपवले गेले, जेथे विषयाचे नाव सांगितले की छापील पाने मिळत आणि ती वहीत उतरवून किंवा चिकटवून प्रस्तावना, उद्दिष्टे, निरीक्षणे, निष्कर्ष आणि ऋणनिर्देश हा साचा भरला जाई. वहीच्या शेवटच्या पानावर 'संदर्भ : गूगल, विकिपीडिया, पाठ्यपुस्तक' अशी एक ओळ असे. तिला गुणही मिळत. शोधयंत्र हे दुसऱ्याच्या मजकुराकडे नेणारे साधन आहे, मजकुराचा लेखक नव्हे, हा फरक त्या ओळीत पुसला जातो. तरी ती लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडे निष्काळजीपणा असतो असे म्हणता येत नाही, कारण त्याला तेवढेच मागितलेले असते. बालभारतीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतील 'इंटरनेट माझा मित्र' या चौकटीही माहिती मिळवण्यास उत्तेजन देतात. मित्राने सांगितले ते त्याने कोणाकडून ऐकले, हा प्रश्न त्या सहसा विचारत नाहीत.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडसर होता आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मराठी दैनिकांची व संस्थांची संकेतस्थळे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नव्हती; ज्याचा-त्याचा स्वतंत्र टंक होता, त्यामुळे पडद्यावर मराठी दिसत असली तरी शोधयंत्राला ती निरर्थक चिन्हांची रांग वाटे. शोधून सापडत असे ते इंग्रजी, आणि विद्यार्थी ते अर्धवट समजून मराठीत आणत असे. अशा मजकुराला संदर्भ द्यायचा तरी कोणत्या भाषेत, हा पेच कोणी सोडवून दिला नाही. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, तर १९७६ मध्ये पहिला खंड निघालेला मराठी विश्वकोश पुढे संकेतस्थळावर आला. विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचे नाव आणि अनेक ठिकाणी संदर्भग्रंथांची यादी असते. संदर्भ कसा द्यावा याचा उत्तम नमुना वर्गात दाखवण्यासाठी यापेक्षा वेगळे काही शोधण्याची गरज नव्हती. तसा वापर फारसा झाला नाही. मराठीत सर्वमान्य अशी एकच संदर्भपद्धती शाळांपर्यंत कधी आली नाही, जुन्या पुस्तकांवरील शकाच्या वर्षात ७८ मिळवून इसवी सन काढावा लागतो एवढी साधी गोष्टही प्रकल्पाच्या मार्गदर्शनात आढळत नाही, आणि दरम्यान व्हॉट्सॲपवरच्या मजकुराखालील 'साभार', 'संकलित' व 'सौजन्य : इंटरनेट' हीच संदर्भाची लोकरूढ रीत होऊन बसली.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले आणि फारकतीचा शेवटचा टप्पा आला. ही यंत्रणा लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष आणि पृष्ठांक यांसह निर्दोष दिसणारी नोंद देते, मात्र त्या नोंदीमागे लेख असेलच असे नाही. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ मध्ये एका विमानकंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले सादर केले आणि न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. नोंदीचा साचा तपासून गुण देणाऱ्या शिक्षकाला अशी नोंद पकडण्याचा मार्ग नाही. तो दुवा उघडून पाहिल्याखेरीज, किंवा विद्यार्थ्याला समोर बसवून उघडायला लावल्याखेरीज, ती खऱ्या नोंदीपेक्षा अधिकच नीटस दिसते.

भारतात हे शिक्षण मोठ्या प्रमाणावर देता येते का, याचे एक उत्तर अलीकडे बिहारमधून आले. सुमित्रा बद्रीनाथन, सायमन शोशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य शासनाच्या 'जीविका' या ग्रामीण उपजीविका संस्थेच्या साहाय्याने ५८३ गावांतील साडेतेरा हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्यांच्यापैकी काहींना गावातील ग्रंथालयांत काही आठवडे माहितीची पारख शिकवण्यात आली आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. शिकलेल्या मुलांची खरे-खोटे ओळखण्याची क्षमता वाढली, काही महिन्यांनंतरही टिकली, आणि घरातल्या पालकांपर्यंतही तिचा काही अंश पोहोचला. प्रयोगाचा भर आरोग्यविषयक अफवांवर होता. स्रोताची नोंद करणे त्याच्या कक्षेत नव्हते, आणि शालेय प्रकल्पाशी त्याचा संबंध जोडण्याचे काम अद्याप कोणत्याही शिक्षण मंडळाने या प्रमाणावर हाती घेतलेले दिसत नाही.